डबीतलं तेल

गुणाजी परबाने क्लच दाबला तो सरळ पत्र्याला जाऊन टेकला, आणि पाय उचलला तरी पेडल वर यायचं नाव घेईना. पिकअप लालबागच्या मिरची गल्लीच्या तोंडाशी आडवी. हौद्यात वाशीच्या मार्केटातून भरलेली बेडगीची पोती, मागे बसचा हॉर्न, पुढे हातगाडी, आणि डोक्यावर चैत्राचं ऊन. त्याने चपलेचं टोक पेडलखाली घालून पेडल वर ओढलं, दाबलं, पुन्हा ओढलं. असं पंपासारखं मारल्यावर क्लचमध्ये थोडी धुगधुगी आली. तेवढ्यात त्याने गिअर ढकलला. जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज झाला आणि गाडी हिसका देऊन पुढे गेली.

"ओ काका, गाडी चालवताय की सायकलीत हवा भरताय?" हातगाडीवाल्याने विचारलं.

गुणाजीचं सगळं बोलणं सध्या डाव्या गुडघ्याशी चाललं होतं. गुडघ्याची वाटी सुजून नारळाएवढी झाली होती. डॉक्टरने मागेच सांगितलं होतं, की क्लचची गाडी सोडा नाहीतर गुडघा सोडा. म्हणून तर त्याने बायकोच्या, सुनेत्राच्या, बहिणीचा मुलगा, रघु, गाडीवर ठेवला होता. गाडी रघु चालवायचा आणि गुणाजी शेजारी बसून त्याच्या चुका काढायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

मग गेल्या आठवड्यात हाच क्लच रघुच्या पायाखाली गेला. दोष कोणाचा हे ठरवायला गुणाजीला तेव्हा चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. मेकॅनिक गौतमने गाडीखालूनच सांगितलं, "पोरगा क्लचवर पाय ठेवून चालवतोय. रबर गेलंय." गौतमने गिअरबॉक्सवरचा छोटा सिलिंडर नवा टाकला, नळीतली हवा काढली आणि गेला. गुणाजी मात्र तेवढ्यावर थांबला नाही. कालिंदीबाईच्या डंक्यावर, मसाला कुटायला आलेल्या बायकांच्या रांगेसमोर तो रघुला म्हणाला, "पाय आहे की वरवंटा रे? बैल आहेस नुसता, गावाला जाऊन नांगराला जुंपून घे, तिथे चालेल तुझा पाय."

बायका हसल्या. त्यांची काही चूक नव्हती. मिरचीच्या खकाण्यात तासभर उभं राहिलेल्या माणसाला हसायला काहीही पुरतं. रघुने किल्ली पोत्यावर ठेवली आणि तो निघून गेला.

घरात घातलेली शिवी घरातच जिरते. गल्लीत घातलेली शिवी व्याजाने वाढते, हे गिरणगावात जन्म काढलेल्या गुणाजीला कोणी सांगायला नको होतं. पण त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आपण बरोबर आहोत, आणि आपण बरोबर आहोत असं वाटत असलं की माणूस व्याजाचा दर विचारत नाही.

आता रघु नव्हता. पाय गुणाजीचाच होता.

डंक्यासमोर त्याने गाडी कशीबशी लावली. आत लोखंडी मुसळं ओळीने वरखाली होत होती, जमीन हादरत होती, आणि उंच स्टुलावर चढून तात्या वरच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये तेल सोडत होते.

तात्या म्हणजे गुणाजीचे वडील. गिरणीत सूतखात्यात ऑइलर होते, साच्यांना म्हणजे सूत काढायच्या यंत्रांना तेल द्यायचं काम. गिरणी गेली, भोंगा गेला, तिच्या जागी काचेचे मजले उभे राहिले, पण तात्यांच्या हातातली लांब चोचीची तेलाची कुपी काही सुटली नाही. काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत कोणाचं दार कुरकुरलं, पंखा रडायला लागला, शिलाई मशीन अडलं, की हाक तात्यांना. मिरचीच्या दिवसांत कालिंदीबाईचा डंकाही तेच सांभाळत. पंचाहत्तरी उलटलेला माणूस कुपी पुढे धरून गल्लीतून चालायला लागला की पोरं बाजूला सरत. आणि रोज सकाळी पिकअपचं बोनेट उघडून तेलपाणी बघायचं कामही त्यांचंच. ते त्यांना कोणी दिलं नव्हतं. त्यांनी घेतलं होतं, आणि त्यांच्या हातून काढून घेईल असा माणूस घरात नव्हता.

"मोडलंस पुन्हा?" तात्यांनी स्टुलावरूनच विचारलं. "त्या पोराक उगाच बोललंस. आता सांग, ह्यो वरवंटो कोणाचो?"

रांगेतल्या बायका पुन्हा हसल्या. गुणाजीने पोतं पाठीवर घेतलं, म्हणजे तोंड दिसायला नको.

कालिंदीबाई गल्ल्यावरून उठल्या. नाकाला पदर बांधलेला, भुवया मिरचीने लाल. "गुणाजी, मी तुझ्या गाडीची पूजा करायला बसले नाही हो. सगळं परळ-वरळी मे महिन्यात गावाला जायच्या आधी माझ्या दारात येतं. मिरची नाही आली तर माझी मुसळं काय हवा कुटणार? तो चिंचपोकळीचा टेम्पोवाला रोज विचारून जातोय."

"उद्या गाडी बघून घेतो, बाई."

"उद्या बघ. परवा सकाळी गाडी दारात दिसली पाहिजे. नाही दिसली तर सीझनभर तो येईल. मग मला वाईट म्हणू नको."

हा सीझन म्हणजे वर्षाचं धान्य होतं. पावसाळ्यात पिकअपला फुटकळ भाडी. बिऱ्हाड हलवणं, मंडपाचे बांबू. मिरचीच्या दिवसांवर घर तरायचं. हे कालिंदीबाईंना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी आवाज चढवला नाही.

*

घरी सुनेत्राने तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधलं आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. ठेवलं म्हणजे जरा दाबूनच ठेवलं.

"हळू गं."

"हळूच ठेवलंय."

रघु गेल्यापासून ती एवढंच बोलायची, जेवढ्यास तेवढं. तिचा राग भांड्यांत निघत नसे. तो मोजूनमापून बोलण्यात निघायचा. ब्लाउजचं काज करायला तिने सुई काढली, दोरा दोनदा चुकला, तसं तात्यांनी तिच्या हातातून सुई घेतली. चष्मा न लावता, ट्यूबलाइटच्या खाली न जाता, बसल्या जागी दोरा ओवून परत दिला.

"बघलंस?" ते गुणाजीला म्हणाले. "गिरणीत तुटलेलो धागो मी पलीकडच्या साच्यावरून बघी. तुमचे डोळे मोबाईलान खाल्ले."

"अक्का फोन उचलत नाही माझा," सुनेत्रा दोरा तोडत म्हणाली. अक्का म्हणजे रघुची आई. "तिने गावाहून पोरगा आपल्या भरवशावर पाठवला होता."

"मग मी काय करू? मेकॅनिकने सांगितलं ते मी बोललो."

"मेकॅनिकने गाडीखाली सांगितलं. तुम्ही डंक्यावर सांगितलंत."

गुणाजीने मिठाची पुरचुंडी दुसऱ्या बाजूला सरकवली.

*

सकाळी तात्या नेहमीसारखे खाली उतरले, पिकअपच्या काचा पुसल्या, बोनेट उघडून मिटलं, आणि कुपी घेऊन डंक्याच्या दिशेने गेले. त्यानंतर गौतम आला. परळच्या पुलाजवळ त्याचं गॅरेज. माणूस हुशार, पण त्याची हुशारी त्याच्याआधी दोन पावलं चालायची.

"प्लेट गेली असणार," तो आल्याआल्या म्हणाला. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"मागच्या वेळी रबर म्हणालास."

"मागच्या वेळी रबरच होतं."

"मग आता आधी बघ, मग म्हण."

गौतमने त्याच्याकडे पाहिलं. एरवी गुणाजी असं बोलत नसे. मग गौतम कामाला लागला. इंजिन बंद असताना गिअर टाकून पाहिले. लोण्यातून सुरी जावी तसे सगळे पडले. इंजिन चालू केलं, तसा एकही पडेना, रिव्हर्स तर किंचाळला. "म्हणजे गिअरबॉक्स शहाणा आहे," गौतम म्हणाला. "क्लच सुटत नाहीये. तू वर बस. मी सांगेन तसं दाब."

तो पुठ्ठा घालून गाडीखाली सरकला. गुणाजी सीटवर बसला.

"दाब."

गुडघ्यातून कळ निघाली ती कमरेपर्यंत गेली.

"सोड. दाब. अरे, पूर्ण दाब ना!"

"पूर्णच दाबतोय."

"रॉड अर्धाच बाहेर येतोय. सोड... सोडलास का?"

"सोडला."

"मग परत का जात नाहीये?" खालून रॉड ठोकल्याचा आवाज आला. "गुणाजी, हा दुखण्याचा प्रकार वेगळाय. गळती असती तर खाली ओलं झालं असतं. खाली सुकं खडखडीत. पेडलकडे बघ, वरच्या सिलिंडरपाशी ओलं लागतंय?"

गुणाजीने वाकून बोट फिरवलं. धूळ, मिरचीची पूड, एक खिळा. ओल नाही.

गौतमने आठवड्यापूर्वीच टाकलेला छोटा सिलिंडर उघडला. आतली रबराची वाटी त्याने चिमटीत धरली आणि तो गाडीखालून सरपटत बाहेर आला. "ही मी नवी टाकली होती. माझ्या हाताने. हिला काय झालंय बघ." वाटी सुजली होती. कडा बाहेर वळलेल्या, अंग मऊ पडलेलं, उकडून ठेवलेल्या वाटाण्यासारखं. "रबर झिजतं. फाटतं. हे फुगलंय."

मग त्याने बोनेट उघडलं आणि क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आतली रबराची चकती त्याच्या हातात सुटून आली. ती त्याने परत बसवायला पाहिली. बसेना. चारी बाजूंनी बाहेर येत होती, तव्यापेक्षा मोठी लाटलेली पोळी यावी तशी.

"मागच्या वेळी हे बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं," गौतम पुटपुटला. "झाकण मी उघडलंच नाही. तात्यांनी उघडलं, तात्यांनीच धरलं, मी बाटलीतून ओतलं नि गेलो." तो थांबला. "वाटीत पाणी आण."

गुणाजी वर जाऊन सुनेत्राकडून पाण्याची वाटी घेऊन आला. गौतमने डबीत काडी बुडवून थेंब वाटीत सोडला. "ह्यात ब्रेक ऑइल असतं, ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं. आता बघ."

थेंब विरघळला नाही. पाण्यावर गोल पसरला आणि त्यात सकाळचं ऊन सात रंगांचं होऊन हललं.

"कोणीतरी मशीनचं तेल टाकलंय. साधं मशीनचं तेल. ह्या रबराला ते विष." गौतमचा आवाज एकदम खाली आला. "आणि गुणाजी, ह्या गाडीत क्लच नि ब्रेक ह्या एकाच डबीतून पितात. ब्रेक कसा लागतोय?"

गुणाजीला काल परळच्या पुलावरून उतरतानाचं आठवलं. हौद्यात पोती. चाकातून जळका वास आला होता. त्याला वाटलं, ऊन आहे.

"पकडून राहिल्यासारखा," तो म्हणाला.

"फुगलीच असणार तिथली रबरंपण. क्लच आधी बोंबलला हे नशीब समज. नाहीतर कुठल्या उतारावर गाडी थांबली असती ते तूच ठरव. डबी भरतं कोण?"

गुणाजीने डबीत बोट घातलं आणि नाकाशी नेलं. मिरचीने त्याचं नाक महिनाभर बंद होतं. तरी हा वास आत शिरला. लहानपणी तिसऱ्या पाळीहून बाप घरी यायचा आणि शर्ट दाराच्या खिळ्याला लावायचा, त्या शर्टाचा वास. दहा बाय बाराच्या खोलीत सगळी भावंडं त्या वासात झोपायची. स्पिंडल ऑइल, गिरणीतल्या यंत्रांचं. पलीकडच्या साच्यावरचा तुटका धागा दिसणाऱ्या माणसाला डबीतलं तेल रेघेच्या खाली गेलेलं दिसलं होतं, आणि त्याने हातातल्या कुपीने ते भरलं होतं. नवं रबर टाकल्यावर पुन्हा भरलं होतं. पन्नास वर्षं त्याने हेच केलं होतं: जिथे तेल कमी, तिथे तेल.

"कोण भरतं, विचारलं," गौतम म्हणाला.

"मी."

"तू? तू कधी बोनेट—"

"मी टाकलं म्हटलं ना!"

गौतमने वर चाळीच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे तात्यांचा धुतलेला लेंगा वाळत होता. मग त्याने मान खाली घातली आणि पाने उचलले. झाकण न उघडता त्याने रघुचा पाय दोषी ठरवला होता. तेवढं एक त्याचंही झाकून राहायला हवं होतं. अशा वेळी दोन माणसांचं चटकन जमतं.

सगळी रबरं बदलायची होती, क्लचची नि चारी चाकांची. नळ्या धुऊन नवं ब्रेक ऑइल भरायचं होतं. दिवसभर ते चाललं. "दाब. धर. सोड." गौतम खालून हवा काढायचा, गुणाजी वरून दाबायचा. ऊन पत्र्यातून मांडीला लागत होतं. दुपारनंतर गुडघा दुखायचा थांबला. त्याला काही कळेनासंच झालं. दोन्ही हातांनी मांडी धरून तो पाय पेडलवर ठेवायचा आणि उचलायचा, दुसऱ्याच कोणाचा पाय असल्यासारखा.

उन्हं कलल्यावर पेडल दाबलं तसं घट्ट लागलं, आणि सोडलं तसं पायाबरोबर वर आलं.

"आता ह्यात बाटलीतलं सोडून कायपण पडलं," गौतम हात पुसत म्हणाला, "तर मला बोलावू नको. डायरेक्ट हॉस्पिटलला फोन कर."

*

गाडी बरी झाली, पण उद्या सकाळी तात्या पुन्हा बोनेट उघडणार. सांगायचं कसं? बापाला बाजूला घेऊन सांगावं, तर तो माणूस त्या दिवसापासून डंक्यावरही जाणार नाही. एका चुकीला तो सगळी कुपीच टाकून देईल. गिरणी बंद झाली तेव्हा त्याने असंच केलं होतं. वर्षभर खिडकीकडे पाठ करून बसला होता. त्या वर्षी आईने घर कसं ओढलं ते गुणाजीला आठवत होतं.

हे डोक्यात घेऊनच तो शीव कोळीवाड्याला गेला. तिथे रघु चार पोरांबरोबर खोली घेऊन राहायचा. तो बर्फाच्या गाडीवर सापडला, ओल्या गोणपाटाने लाद्या उतरवत होता. हात लाल झालेले.

"काका, तुम्ही? गाडी घेऊन?" त्याने लादी खाली ठेवली. "आणि क्लच?"

"झाला."

"कोणाचा पाय निघाला मग?"

गुणाजीने बर्फाच्या गाडीच्या कडेला हात टेकला. "डबीत चुकीचं तेल पडलं होतं. तुझा काही संबंध नव्हता."

"कोणी टाकलं?"

"मी."

रघुने त्याच्याकडे पाहिलं आणि हसला. ते हसणं काही बरं नव्हतं. "काका, तुम्हाला बोनेटची कळ कुठेय तेपण माहीत नाही. रोज सकाळी आजोबा..." तो मध्येच थांबला. लादीचं पाणी दोघांच्या पायांखालून गटाराकडे चाललं होतं. "अच्छा," तो म्हणाला.

"उद्यापासून ये."

"इथले मालक रोज सकाळी उठून माझ्या पायाच्या चुका मोजत नाहीत."

"मावशी जेवत नाही नीट."

"मावशीला मधे आणू नका. मावशीने मला बैल नाही म्हटलं." त्याने गोणपाट पिळलं. "मी येईन. पण जिथे बोललात तिथे सांगा. त्याच बायकांसमोर. माझ्या आईला गावात कळलंय, माहितीय? त्या रांगेत आमच्या वाडीतली एक होती."

"तिथे तात्या असतात रे."

"मग? मी होतो तेव्हा पण होते."

*

ठरल्या सकाळी पिकअप डंक्याच्या दारात उभी राहिली. कालिंदीबाईंनी गाडी पाहिली, मान हलवली, आणि फोनवर त्या चिंचपोकळीच्या टेम्पोवाल्याला "अजून नको" म्हणाल्या. 'अजून' हा शब्द त्यांनी गुणाजीला ऐकू जाईल असा म्हटला.

रांग रस्त्यापर्यंत होती. स्टीलचे डबे, भाजलेल्या धण्यांच्या पिशव्या, तोंडांना रुमाल. तात्या स्टुलावर. रघु दाराशी, आत न येता, चौकटीला टेकून.

गुणाजी मुसळांच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलला, कारण त्याशिवाय तिथे ऐकूच येत नाही. त्यामुळे हळू बोलून भागवायची सोयही राहिली नाही.

"त्या दिवशी मी रघुला ह्या इथे बोललो. चूक त्याची नव्हती. क्लचच्या डबीत ब्रेक ऑइलच घालायचं असतं. मी त्यात मशीनचं तेल घातलं. त्याने आतलं रबर फुगतं. क्लच जातो, आणि ब्रेकपण जातो."

एक म्हातारी बाई रुमालाआडून म्हणाली, "म्हणजे बैल तूच की रे!"

हशा झाला. या वेळचा हशा मोठा होता. गुणाजी त्यात उभा राहिला. उभं राहण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं.

"मशीनचा तेल?" वरून आवाज आला. तात्या एका हाताने दांडा धरून खाली वाकले होते. "डबयेत मशीनचा तेल घातलंस? तुका अक्कल आसा काय नाय? ऑइलराचो झील तू! तेलातेलात फरक असता ह्या तुका कोणी शिकवूक नाय? साच्याचा तेल येगळा, चरख्याचा येगळा. आमच्या खात्यात असा कोणी केल्यान असता तर जॉबर मुकादमान त्याका गेटाभायेर काढल्यान असतो! रबर फुगला म्हणजे... रबर..."

ते बोलता बोलता थांबले. उजव्या हातात कुपी होती. तिच्या चोचीच्या टोकाला तेलाचा थेंब जमून लोंबत होता. तात्या त्या थेंबाकडे बघत राहिले. तो सुटला आणि खाली मिरचीच्या टोपलीच्या काठावर पडला.

"ब्रेक पण जाता?" त्यांनी विचारलं. हळू विचारलं असावं. गुणाजीला फक्त ओठ दिसले.

"जातो," गुणाजी म्हणाला. "पण गेला नाही."

मुसळं वरखाली होत राहिली. तात्यांनी उरलेल्या बेअरिंगात तेल सोडलं, एकही न चुकवता, आणि स्टुलावरून उतरायला पहिल्यांदाच हात पुढे केला. रघु आत आला आणि त्याने तो हात धरला.

"ह्येका काय कळत नाय," तात्या रघुला म्हणाले. "लहानपणापासना असोच."

"हो आजोबा," रघु म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी खाली आला तेव्हा तात्या काचा पुसत होते. बोनेट मिटलेलं होतं. नवीन ब्रेक ऑइलची बाटली गुणाजीने सीटखाली ठेवली होती ती तशीच होती. रघु किल्ली फिरवत आला, तसं तात्यांनी पुसायचं फडकं घडी घालून त्याच्या हातात दिलं.

"रघ्या, आजपासना डबी तू बघ. त्या रेघो लय बारीक. माका दिसत नाय आता."

सुनेत्रा गॅलरीत होती. आदल्या रात्री तिने सुई पुढे केली होती तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं होतं, आणि चार वेळा चुकल्यावर तिने स्वतःच दोरा ओवला होता. ती आता वरून फक्त बघत राहिली.

"बघतो आजोबा," रघु म्हणाला. त्याने बोनेट उघडलं, डबीत वाकून पाहिलं आणि मिटलं. "भरलेली आहे."

"बघ रोज," तात्या म्हणाले. "मी सांगलंय म्हणून नको. तुझा तू बघ."

गाडी सुरू झाली. रघुने क्लच दाबला. पेडल आत गेलं आणि सोडल्यासरशी वर आलं. पहिला गिअर आवाज न करता पडला. गुणाजी शेजारच्या सीटवर गुडघा धरून बसला होता. बाजूच्या आरशात त्याला तात्या डंक्याच्या वाटेने जाताना दिसले. आजवर ती कुपी ते काठीसारखी पुढे धरून चालायचे. आज हातात भाजीची कापडी पिशवी होती, खांद्यापाशी घट्ट धरलेली, आणि तिच्या तोंडातून लांब चोच तेवढी बाहेर आली होती. ती त्यांनी चालता चालता बोटाने आत ढकलली.

नाक्यावर सिग्नल लागला. रघु थांबला, आणि गुणाजीचाही डावा पाय सवयीने पत्र्यावर दाबला गेला. गुडघ्यातून कळ निघाली.

"काका," रघु पुढे बघतच म्हणाला, "पाय उचला. तुमच्या बाजूला पेडल नाही."